भाग महाग, पण जुळतात का?

मराठी पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या एका पानावर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ अशी नावं ओळीने येतात. त्यातच एक शब्द असतो, ‘अक्षरजुळणी’. आज ते काम संगणकावर होतं, पण शब्द आला तो शिशाच्या खिळ्यांच्या काळातून. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ भरायचा. सगळे खिळे एकाच उंचीचे नसतील तर ओळ भरली तरी छपाई बिघडायची. उंच खिळा कागदात रुतायचा, बुटका उमटायचाच नाही. खिळा ओळीत बसला एवढ्यावर भागत नव्हतं, तो शेजारच्या खिळ्याशी जुळावाही लागायचा.

सुटे भाग विकत घेऊन डेस्कटॉप संगणक जोडताना नेमका हाच फरक कळावा लागतो. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. जो भाग बसत नाही तो पहिल्याच दिवशी कळतो, दुकानदार बदलूनही देतो. पण जो बसतो आणि जुळत नाही, तो कळतच नाही. मशीन चालू होतं, दिवे लागतात, घरातले पेढे वाटतात, आणि दिलेल्या पैशातला मोठा हिस्सा पुढची पाच वर्षं आत नुसता पडून राहतो.

हे मराठीत लिहावंसं वाटलं, कारण असा खर्च करायचा की नाही ही चर्चा आपल्या घरात मराठीत होते आणि दुकानाचं कोटेशन मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत येतं. पैसे देणाऱ्याला ते वाचता येत नाही. मग तो शेवटच्या ओळीतली बेरीज तेवढी बघतो आणि ‘महाग आहे म्हणजे चांगलंच असणार’ असं मनाशी म्हणतो.

एक कोटेशन

माझा मामेभाऊ व्हीएफएक्स शिकतो आहे. सिनेमातली दृश्यं संगणकावर घडवायची आणि जोडायची, असं ते काम. तेलुगू सिनेमामुळे हैदराबादेत या कामाचे स्टुडिओ आहेत, त्यामुळे शिकून इथेच काम मिळेल अशी त्याला आशा आहे. मामा रेल्वेतून निवृत्त झाले, त्या पैशातून त्याला मशीन घेऊन द्यायचं ठरलं. मामांचं म्हणणं सरळ होतं : “एकदाच घ्यायचं, पण सगळ्यात भारी घ्यायचं. पुन्हा पुन्हा मला जमायचं नाही.” घरात संगणकशास्त्र शिकणारी मी एकटीच, म्हणून दुकानातून आलेला कागद माझ्यापुढे ठेवला गेला. बेरीज पाच लाखांच्या घरात होती. यादी अशी :

प्रोसेसर : एएमडी रायझन ९ ९९५०एक्स
मदरबोर्ड : बी६५० चिपसेटचा, मायक्रो एटीएक्स
रॅम : डीडीआर५ ६०००, ३२ जीबीच्या चार पट्ट्या
ग्राफिक्स कार्ड : एनव्हिडिया आरटीएक्स ५०९०
एसएसडी : पीसीआयई ५.०, २ टीबी
कूलर : ३६० मिमी लिक्विड
पॉवर सप्लाय : ८५० वॅट, गोल्ड
कॅबिनेट : समोरून आणि बाजूने काचेचं, लहान
यूपीएस : ६०० व्हीए

यातला प्रोसेसर, कार्ड, एसएसडी उचलून पाहिलं तर एकेक वस्तू उत्तम. दुकानदाराने फसवलं असंही म्हणवत नाही. गिऱ्हाइकाने ‘भारी द्या’ म्हटलं, त्याने भारी दिलं. यादी मात्र जुळत नव्हती. कुठे आणि का, ते एकेक करून सांगते.

आधी काम, मग भाग

सगळ्यात आधी मी भावाला विचारलं, “तू रोज कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बसणार?” त्याचं उत्तर : मुख्यतः न्यूक, थोडं ब्लेंडर, कधीतरी दा विंची रिझॉल्व्ह.

हा प्रश्न पहिला यायला हवा, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर वेगवेगळ्या भागाला कामाला लावतं. ब्लेंडरमध्ये सायकल्स या इंजिनाने चित्र तयार करताना ग्राफिक्स कार्ड राबतं. दा विंची रिझॉल्व्हही कार्डावर फार अवलंबून असतं. न्यूकमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या थरांतलं चित्रण एकत्र जोडण्याच्या कामात, बराचसा भार प्रोसेसर, रॅम आणि वेगवान डिस्कवर पडतो. पाण्याची लाट, धूर, स्फोट यांची गणितं हूडिनीत करायची तर पुन्हा प्रोसेसर आणि रॅम.

म्हणजे भावाच्या कामाचा कणा प्रोसेसर आणि रॅम, आणि कोटेशनमधला सगळ्यात मोठा आकडा होता ग्राफिक्स कार्डाचा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने भारतासाठी जाहीर केलेल्या सुरुवातीच्या किमती पाहा. आरटीएक्स ५०९० ची २,१४,००० रुपये, ५०८० ची १,०७,०००, ५०७० टीआय ची ८०,०००. दुकानात भाव याच्या वरच असतात, पण तुलनेला हे आकडे पुरेत.

ग्राफिक्स कार्ड निवडताना दोन गोष्टी बघायच्या. एक, त्यात गणित करणारे कोअर किती. दोन, त्याची स्वतःची मेमरी किती. ५०९० मध्ये २१,७६० कोअर आणि ३२ जीबी मेमरी. ५०८० मध्ये १०,७५२ कोअर आणि १६ जीबी. ५०७० टीआय मध्ये ८,९६० कोअर आणि तीही १६ जीबी. मेमरी ही गोष्ट ताटासारखी आहे. वाढलेलं सगळं ताटात मावलं तर जेवण सुरळीत होतं. मावलं नाही तर एकेक पदार्थासाठी स्वयंपाकघरात खेपा घालाव्या लागतात. दृश्य १६ जीबीत मावत नसेल तर ते ५०७० टीआय वर जसं अडकेल तसंच ५०८० वरही अडकेल. कोअर जास्त असल्याने ५०८० वेगवान आहे हे खरं, पण ताट तेवढंच.

भावाची आजची दृश्यं १६ जीबीत आरामात मावतात. तेव्हा ५०९० ऐवजी ५०७० टीआय घेतलं तर जाहीर किमतींच्या हिशेबाने १,३४,००० रुपये मोकळे होतात. उद्या कुणी रोज मोठमोठे त्रिमितीय देखावे ब्लेंडरमध्ये रेंडर करणार असेल, तर त्याच्यासाठी ५०९० ची ३२ जीबी चैन नव्हे, गरज आहे. एकाच्या कामाला जुळणारं मशीन दुसऱ्याच्या कामाला जुळेलच असं नाही.

बसतं का?

आता भागांकडे वळू. पहिली जोडी प्रोसेसर आणि मदरबोर्ड. प्रोसेसर ज्या चौकोनी खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडीची रायझन ७००० आणि ९००० मालिका एएम५ सॉकेटात बसते. त्याआधीची रायझन ५००० एएम४ मध्ये. इंटेलची बारावी, तेरावी, चौदावी पिढी एलजीए १७०० मध्ये आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका एलजीए १८५१ मध्ये. कंपनी एकच असली तरी सॉकेट वेगळा असू शकतो, म्हणून ‘इंटेलचा बोर्ड आहे, इंटेलचा प्रोसेसर चालेल’ हे वाक्य कधीही मान्य करू नका.

सॉकेट जुळला तरी आणखी एक पायरी उरते, ती बायोसची. मदरबोर्डवर एक छोटा प्रोग्रॅम कायमचा राहतो, संगणक चालू होताच तोच आधी जागा होतो. बी६५० बोर्ड २०२२ पासून बाजारात आहेत आणि रायझन ९००० आली ऑगस्ट २०२४ मध्ये. दुकानात जुना साठा पडून असेल तर त्या बोर्डाच्या बायोसला हा नवा प्रोसेसर माहीतच नसतो. प्रोसेसर नीट बसतो, बोर्डला वीजही मिळते, पडदा मात्र काळाच राहतो. उपाय आहे : बायोस अद्ययावत करायचा. काही बोर्डांवर ‘बायोस फ्लॅशबॅक’ नावाचं बटण असतं, त्यामुळे प्रोसेसर न ओळखताही पेनड्राइव्हवरून हे करता येतं. बोर्ड घेताना हे बटण आहे का, एवढं विचारावं.

रॅमचं तसं सोपं. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १८५१ वरही तेच. एलजीए १७०० चे बोर्ड मात्र दोन प्रकारचे निघाले, काही डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे. दोन्हींच्या पट्ट्यांवरची खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावू नये.

मग आकार. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलट बसत नाही. पण खरी अडचण असते ग्राफिक्स कार्डाच्या लांबीची. एनव्हिडियाचं स्वतःचं ५०९० कार्ड ३०४ मिलिमीटर लांब आहे. इतर कंपन्यांची तीच कार्डं याहून लांब निघतात, काही ३५० मिलिमीटरच्या पुढे जातात. त्या काचेच्या कॅबिनेटवर ‘कार्डासाठी ३४० मिमी जागा’ असं लिहिलेलं होतं. हा आकडा पुढे काहीच लावलेलं नसतानाचा. समोर लिक्विड कूलरचा रेडिएटर बसवला की त्याची जाडी साधारण २७ आणि पंख्यांची २५, म्हणजे ५२ मिलिमीटर गेले. उरले २८८. कागदावर बसणारं कार्ड प्रत्यक्षात बाहेर. रेडिएटर वरच्या बाजूला बसत असेल तर ही अडचण टळते, पण तेही कॅबिनेटच्या माहितीपत्रकात तपासूनच.

इथवरच्या सगळ्या गोष्टी पहिल्या दिवशी उघड होतात. त्रास होतो, नुकसान होत नाही. पुढच्या गोष्टी तशा नाहीत.

बसतं, पण जुळतं का?

त्या यादीत रॅमच्या चार पट्ट्या होत्या. मामा सांगत होते, दुकानातला मुलगा म्हणाला, “चार स्लॉट हैं तो चारों भर डालते ना साब, लुक भी मस्त आता.” चारही पट्ट्या बसतात, १२८ जीबी दिसते, सगळं ठीक वाटतं. पण एएमडीच्या अधिकृत आकड्यांनुसार रायझन ९००० वर दोन पट्ट्या असतील तर वेग ५६००, आणि चार असतील तर ३६००. पट्टीवर लिहिलेलं ६००० हे दोन पट्ट्यांनी बहुतेक वेळा सहज गाठता येतं. चार पट्ट्यांनी गाठायचं म्हणजे नशिबावर हवाला, कधी जमतं, कधी मशीन मध्येच अडखळतं. म्हणजे ६००० चे पैसे देऊन ३६०० वर चालायची पाळी.

उपाय साधा आहे : मोठ्या दोन पट्ट्या घ्याव्यात. ४८ जीबीच्या दोन मिळतात, म्हणजे ९६ जीबी. त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. नवी रॅम लावल्यावर ती आपोआप ६००० वर चालत नाही. ती ४८०० किंवा ५६०० सारख्या मूळ वेगाने चालते. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो हा पर्याय सुरू करावा लागतो. इंटेलकडे त्यालाच एक्सएमपी म्हणतात. हे न केलेली कितीतरी मशीनं वर्षानुवर्षं तशीच चालत असतात आणि मालकाला पत्ता नसतो.

दुसरी न जुळणारी जोडी एसएसडी आणि बोर्डाची. पीसीआयई ५.० ची एसएसडी सेकंदाला सुमारे १४,००० एमबीपर्यंत वाचते, ४.० ची सुमारे ७,०००. पण त्या बोर्डावर एसएसडीचे स्लॉट ४.० चे होते. नवी एसएसडी त्यात बसते, चालते, आणि निम्म्या वेगाने चालते. जास्तीचे पैसे पाण्यात.

इथे लेन समजून घ्यायला हव्यात. प्रोसेसरपासून निघणारे माहितीचे रस्ते म्हणजे लेन. रायझन ९९५०एक्स मध्ये अशा २८ लेन आहेत. चार चिपसेटला जातात, १६ ग्राफिक्स कार्डाला, आणि उरलेल्या आठ एसएसडी किंवा यूएसबी ४ सारख्या गोष्टींना. रस्ते मोजके असल्यामुळे काही बोर्डांवर ठरावीक एसएसडी स्लॉट भरला की कार्डाच्या १६ लेनच्या आठ होतात. कोणता स्लॉट भरल्यावर काय कमी होतं, याचा तक्ता बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट असतं, बोर्ड विकत घेण्याआधी वाचता येतं. अर्ध्या तासाचं वाचन आहे, पण पाच लाखांच्या यादीसाठी अर्धा तास द्यायला हरकत नाही.

आता तितकीच खरी उलट बाजू. प्रत्येक आकडा जुळलाच पाहिजे असा हट्टही नको. आरटीएक्स ५० मालिकेची कार्डं पीसीआयई ५.० ची आहेत, बी६५० बोर्डाचा कार्डाचा स्लॉट बहुधा ४.० चा असतो. पण १६ लेन पूर्ण मिळत असतील तर तिथे फरक किरकोळ पडतो. तेवढ्यासाठी हजारो रुपये जास्त मोजायचं कारण नाही. न जुळण्याने कामात किती फरक पडतो, ते पाहून पैसे टाकायचे.

विजेचा हिशेब

पॉवर सप्लाय हा यादीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग, कारण तो दिसत नाही आणि त्याने वेग वाढत नाही. मी मामांना कागदावर बेरीज करून दाखवली. ५०९० कार्ड ५७५ वॅटपर्यंत घेतं. ९९५०एक्स वर १७० वॅट लिहिलेले असतात, पण पूर्ण जोरात तो सुमारे २३० पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंपं-पंखे यांचे ८० ते १०० धरा. बेरीज ९०० च्या आसपास. कोटेशनमधला पॉवर सप्लाय ८५० चा. एनव्हिडिया स्वतः ५०९० साठी किमान १००० वॅट सांगते. म्हणजे हलक्या कामात मशीन छान चाललं असतं, आणि रात्रभराचं रेंडर लावल्यावर पहाटे कधीतरी आपसूक बंद पडलं असतं. सकाळी उठून भावाने सॉफ्टवेअरला दोष दिला असता.

५०७० टीआय ३०० वॅटचं आहे. त्याच्यासह बेरीज सहाशे दहा ते सहाशे तीसच्या मध्ये येते, ८५० चा पॉवर सप्लाय पुरेसा होतो. आम्ही तरी १००० चा घेतला, कारण हा भाग जास्त वर्षं टिकतो आणि पुढे कार्ड बदललं तर तो बदलावा लागू नये. घेताना एटीएक्स ३.१ असं लिहिलेलं पाहिलं. नवी कार्डं क्षणभरासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात, तो झटका सोसण्याची अट या मानकात आहे.

कार्डाला वीज देणारी सोळा टोकांची नवी जोडणी, १२व्ही-२x६, हिच्याबद्दल दोन शब्द. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आल्यावर या जोडणीचा आधीचा प्रकार वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. त्यानंतर रचना सुधारली. आता खुणेची टोकं आखूड केली आहेत, त्यामुळे जोडणी पुरती आत गेली नसेल तर कार्डाने वीज ओढू नये, अशी ही योजना आहे. तरी केबल शेवटपर्यंत आत ढकलणं आणि जोडणीपाशीच ती करकचून न वाकवणं हे आपल्या हातात आहे. अरुंद कॅबिनेटमध्ये बाजूची काच नेमकी त्याच केबलला दाबते.

आणि हे ठळक अक्षरांत लिहावं असं : एका पॉवर सप्लायच्या सुट्या केबल दुसऱ्याला लावू नयेत. टोक सारखं दिसतं, बसतंही, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळा असतो. बसलं आणि जुळलं नाही, याचं सगळ्यात महाग उदाहरण हेच. एका क्षणात बोर्ड किंवा डिस्क जळू शकते.

राहिला यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा साध्या यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. आमचं नवं मशीन पूर्ण जोरात भिंतीतून ७०० च्या आसपास वॅट घेणार, वर मॉनिटर. लाइट गेली की ६०० व्हीएचा यूपीएस भार न पेलून त्याच क्षणी बंद पडला असता, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच झालं नसतं. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॅटचा आकडा वाचायचा. आणि आजचे चांगले पॉवर सप्लाय ज्या प्रकारचे असतात त्यांना प्युअर साइन वेव्ह यूपीएस मानवतो.

जुन्या घरांत अर्थिंगही एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तीन भोकांचा प्लग आहे म्हणजे तिसऱ्या भोकात तार आहेच असं नसतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते थंडीमुळे नाही.

हैदराबादचा मे महिना

कूलर कितीही भारी असो, खोलीच्या तापमानाच्या खाली तो प्रोसेसरला नेऊ शकत नाही. तो फक्त आतली उष्णता खोलीत टाकतो. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ वर चालत असेल, तर मे महिन्यात खोली ४० वर गेल्यावर तोच ९० च्या आसपास जाणार. ९९५०एक्स ची मर्यादा ९५ अंश. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःच वेग कमी करतो. पुन्हा तेच, न सांगता होणारं नुकसान. परदेशी चाचण्यांचे आकडे वातानुकूलित खोलीतले असतात, आपण आपल्या माळ्यावरच्या खोलीचा हिशेब करायचा.

म्हणून समोरून काच असलेलं कॅबिनेट रद्द केलं आणि जाळीचं घेतलं. काच शोभते, पण काचेतून हवा येत नाही. ३६० चा लिक्विड कूलर ठेवला. शिवाय बायोसमध्ये इको मोड असतो, त्यात ९९५०एक्स ला १०५ वॅटच्या वर्गात चालवता येतं. वेग थोडा कमी होतो, वीज आणि उष्णता बरीच कमी होते. उन्हाळ्याचे दोन महिने तसं चालवायला काय हरकत आहे?

शेवटची यादी

प्रोसेसर तोच राहिला, कारण न्यूकला त्याचे १६ कोअर खरोखर लागतात. बोर्ड बी८५० चा, पूर्ण एटीएक्स, फ्लॅशबॅक बटणासह. रॅम ४८ जीबीच्या दोन पट्ट्या. कार्ड ५०७० टीआय. पीसीआयई ४.० च्या दोन एसएसडी, एक सिस्टिमसाठी आणि दुसरी न्यूकच्या तात्पुरत्या फायलींसाठी. पॉवर सप्लाय १००० वॅट. जाळीचं कॅबिनेट. १५०० व्हीएचा साइन वेव्ह यूपीएस. कार्डात वाचलेल्या पैशातून रंग नीट दाखवणारा एक मॉनिटर आणि कामाची प्रत ठेवायला वेगळी हार्ड डिस्क. रंगाचं काम करणाऱ्याला चुकीचे रंग दाखवणारा पडदा देणं म्हणजे गायकाला बेसूर पेटी देणं. हे सगळं घेऊनही बेरीज जुन्या कोटेशनच्या बरीच खाली राहिली. उरलेले पैसे मामांच्या खात्यातच आहेत.

जोडल्यावर पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. एएम५ वर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची ओळख करून घेतो. त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. घाबरून स्विच बंद करू नका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे, बोर्डाला नाही, एवढं बघा आणि थांबा. मग एक्स्पो सुरू करा, रॅमची चाचणी रात्रभर चालू द्या, आणि परत करायची मुदत संपायच्या आत एकदा पूर्ण जोर लावून पाहा.

दुकानात जाताना हे पाच प्रश्न मराठीत लिहून खिशात ठेवा. एक, या बोर्डाचा बायोस या प्रोसेसरला ओळखतो का? दोन, या रॅमच्या इतक्या पट्ट्या लावल्यावर वेग किती राहील? तीन, रेडिएटर लावल्यावर कार्डाला किती मिलिमीटर उरतात? चार, सगळ्यांची वॅटची बेरीज किती, आणि पॉवर सप्लाय त्याहून किती वर? पाच, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर आहे का? वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते, तीन-चार वर्षांनी हाच कागद कामाला येतो.

सिकंदराबादच्या सीटीसीत या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारे दुकानदार मला भेटले. नेमके प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्यांनाही आवडतं, असा माझा अनुभव आहे. “फिट हो जाता, टेन्शन नक्को लेव,” एवढंच उत्तर आलं, तर हसून पुढच्या दुकानात जावं. फिट होईल की नाही हे आपण विचारलंच नव्हतं.